सीताबर्डीच्या लढाईतले अरब: इंग्रजांनी नागपूर आधी कागदावर कसं जिंकलं?

नागपूरच्या महाल भागात शिरताना गांधी गेट लागतं. रोज हजारो दुचाक्या आणि ऑटो त्याच्याजवळून जातात. या दरवाजाचं जुनं नाव जुम्मा दरवाजा.

२४ डिसेंबर १८१७ रोजी याच दरवाजावर इंग्रजांच्या फौजेने हल्ला चढवला आणि मार खाऊन ती मागे फिरली.

गंमत अशी, की नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले आठ दिवसांपूर्वीच इंग्रजांच्या ताब्यात आले होते. राजा शरण गेला होता, त्याच्या तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या होत्या. तरीही शहर कुणीतरी लढवत होतं.

ते होते भोसल्यांच्या पदरी असलेले अरब शिपाई.

हजारो मैलांवरून आलेले अरब नागपुरासाठी का लढत होते? राजा शरण गेल्यावरही ते का थांबले नाहीत? आणि अखेर इंग्रजांनी त्यांना शहराबाहेर कसं काढलं? या प्रश्नांची उत्तरं शोधताना एक गोष्ट लक्षात येते. नागपूरचं राज्य सीताबर्डीच्या टेकडीवर एका दिवसात गेलं नाही. त्याची सुरुवात दीड वर्ष आधी, एका तहाने झाली होती.

नागपुरात अरब कुठून आले?

अठराव्या शतकात मराठा सरदारांच्या फौजा फक्त मराठ्यांच्या राहिल्या नव्हत्या. त्यांत उत्तर हिंदुस्थानातले शिपाई होते, सिंधी, मकरानी होते आणि अरबही होते. यातले बरेच अरब आजच्या येमेनमधल्या हद्रामौत भागातले. तिकडे पाणी कमी, शेती तुटपुंजी. समुद्रापलीकडे हिंदुस्थानात तलवारीला चांगला भाव आहे, हे त्यांना माहीत होतं.

साध्या शिपायापेक्षा अरबाला पगार जास्त मिळायचा. किल्ला, वाडा, खजिना अशा जागी पहारा द्यायला अरब नेमण्याकडे दरबारांचा कल असायचा. स्थानिक भाऊबंदकीत त्यांची नाती गुंतलेली नसत. ज्याचा पगार खाल्ला त्याची जागा सोडायची नाही, असा त्यांचा लौकिक होता.

पण या लौकिकाची दुसरी बाजूही होती. पगार थकला तर हेच अरब धन्याच्या दारात धरणं धरून बसत. त्यांची निष्ठा पगाराला आणि आपल्या जमादाराला होती. राजाच्या तहनाम्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

दुसऱ्या रघुजींचा नकार

१८०३ मध्ये दुसरे रघुजी भोसले आणि दौलतराव शिंदे इंग्रजांविरुद्ध एकत्र लढले आणि हरले. अडगाव आणि गाविलगडच्या पराभवानंतर १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. नागपूरच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे कायमचा वकील, येऊन बसला. आधी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आला, नंतर रिचर्ड जेन्किन्स.

एक गोष्ट मात्र रघुजींनी शेवटपर्यंत मान्य केली नाही. ती म्हणजे तैनाती फौज.

तैनाती फौज म्हणजे काय, तर इंग्रज आपली पलटण तुमच्या राज्यात ठेवणार, तुमचं रक्षण करणार आणि तिचा खर्च तुमच्याकडून घेणार. बदल्यात तुम्ही इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही राज्याशी बोलणी करायची नाहीत. घराला राखणदार मिळतो, पण दाराची किल्ली त्याच्याकडे जाते.

१८०९ मध्ये अमीरखान पेंढाऱ्यांना घेऊन नागपूरच्या राज्यावर चालून आला, तेव्हा इंग्रजांनी न मागता मदतीला फौज पाठवली. तरीही रघुजींनी तैनाती फौजेच्या तहावर सही केली नाही.

दोन गट आणि एक रेसिडेंट

२२ मार्च १८१६ रोजी रघुजी वारले. गादीवर आले त्यांचे पुत्र परसोजी. ते आंधळे आणि आजारी होते. कारभार पाहणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. प्रश्न एवढाच उरला, की त्यांच्या नावाने राज्य कोण चालवणार?

दरबारात दोन गट पडले. एकीकडे रघुजींच्या राणी बाकाबाई आणि त्यांच्या बाजूने धर्माजी भोसले. धर्माजी हे रघुजींचे दासीपुत्र, आणि खजिना त्यांच्या हातात होता. दुसरीकडे रघुजींचे पुतणे अप्पासाहेब ऊर्फ मुधोजी. तेव्हा ते विशीतले तरुण होते.

अप्पासाहेबांनी एप्रिलमध्ये धर्माजींना कैद केलं. पुढच्याच महिन्यात धर्माजी मारले गेले. कारभार हाती आला, पण पायाखालची जमीन भक्कम नव्हती. वाड्यात विरोधक होते आणि फौजेवर पुरती पकड नव्हती. आधार कुठे शोधायचा?

जेन्किन्स याच क्षणाची वाट पाहत होता. रघुजींनी जे कधी दिलं नाही, ते द्यायला गरजू अप्पासाहेब तयार होतील, हे त्याने ओळखलं.

२७ मे १८१६ रोजी तह झाला. बोलणी इतकी गुप्त होती, की दरबारातल्या विरोधी गटाला सही होईपर्यंत सुगावा लागला नाही. कंपनीच्या पायदळाच्या सहा पलटणी आणि घोडदळाची एक रेजिमेंट नागपूरच्या राज्यात राहणार होती. त्यासाठी दरसाल साडेसात लाख रुपये मोजायचे होते. शिवाय भोसल्यांनी आपलं तीन हजार घोडदळ आणि दोन हजार पायदळ इंग्रजांच्या मदतीसाठी तयार ठेवायचं होतं. परराज्यांशी स्वतंत्र बोलणी बंद.

अप्पासाहेबांना हवी होती घरातल्या शत्रूंपासून हमी. ती मिळाली. तिची किंमत म्हणून राज्याचा परराष्ट्र कारभार गेला. एकही गोळी सुटली नव्हती.

ज्याची चौकशी तेव्हा झाली नाही

१ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी अंथरुणात मृत आढळले. अप्पासाहेब त्या वेळी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला होते. घातपाताची कुजबुज लगेच सुरू झाली. इंग्रजांनी मात्र अप्पासाहेबांना राजा म्हणून मान्यता दिली.

पुढे वर्षभराने अप्पासाहेब नकोसे झाले, तेव्हा इंग्रजांनी त्यांच्यावर ठेवलेल्या आरोपांत परसोजींच्या खुनाचाही समावेश होता. मृत्यू तोच, संशय तोच. बदलली होती ती इंग्रजांची गरज.

नोव्हेंबर १८१७: प्रत्येकाशी वेगळी बोलणी

राजा झाल्यावर अप्पासाहेबांना तहाचा फास जाणवू लागला. फौजेचा खर्च जड जात होता. ज्या मंत्र्यांनी तह घडवून आणला होता ते त्यांच्या मनातून उतरले. पुण्याच्या दुसऱ्या बाजीराव पेशव्यांशी त्यांचा गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला.

त्याच वेळी इंग्रज पेंढाऱ्यांविरुद्ध मोठी मोहीम उघडत होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला एकच भीती होती, पेशवे, शिंदे, होळकर आणि भोसले एकत्र येण्याची. ते होऊ नये म्हणून त्याने प्रत्येकाला वेगळं गाठलं. तारखा पाहिल्या की हा डाव कळतो.

५ नोव्हेंबर: पुण्याजवळ खडकीला पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली. त्याच दिवशी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. ते युद्धातून बाहेर.

९ नोव्हेंबर: अमीरखानाने तह केला. पेंढाऱ्यांचा हा पाठीराखा पुढे टोंकचा नवाब झाला.

२१ डिसेंबर: महिदपूरला होळकरांचा पराभव. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह.

पेशवे लढायला उठले, त्याच दिवशी त्यांच्या सर्वांत बलाढ्य सरदाराचे हात बांधले गेले. अप्पासाहेबांनी तलवार उपसली तेव्हा साथ द्यायला फारसं कुणी उरलं नव्हतं.

बर्डीवरची अठरा तासांची लढाई

२४ नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली मानाची वस्त्रं भर दरबारात स्वीकारली. समारंभाला जेन्किन्सलाही बोलावणं होतं. पेशव्यांशी युद्ध सुरू असताना त्यांच्याकडून मान घेणं म्हणजे उघड शत्रुत्व, असं मानून तो गेला नाही.

रेसिडेन्सी सीताबर्डीच्या टेकड्यांच्या पायथ्याशी होती. एक टेकडी मोठी, एक लहान. आज तिथे दिसणारा किल्ला लढाईनंतर इंग्रजांनी बांधला. तेव्हा त्या उघड्या टेकड्या होत्या.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला. भोसल्यांकडे अठरा-वीस हजारांची फौज होती, त्यात तीन-चार हजार अरब. इंग्रजांकडे जेमतेम दीड हजार माणसं. त्यातही बहुतेक मद्रासी पलटणींचे शिपाई आणि बंगालचे घोडेस्वार, म्हणजे हिंदी माणसंच.

२७ तारखेच्या सकाळी लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्या गोंधळाचा फायदा घेऊन अरबांनी टेकडी जिंकली आणि मोठ्या टेकडीवर तोफा वळवल्या. इंग्रजांचा पराभव समोर दिसत होता. तेवढ्यात कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाने खालच्या मैदानात अचानक हल्ला केला. भोसल्यांचं घोडदळ पांगलं. पाठोपाठ लहान टेकडीवरही अरबांच्या ताब्यातल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि इंग्रजांच्या शिपायांनी ती टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत लढाई संपली. इंग्रजांकडचे मृत आणि जखमी मिळून साडेतीनशेहून अधिक होते, म्हणजे दर चार माणसांमागे जवळपास एक.

अप्पासाहेबांनी लगेच वकील पाठवून सांगितलं, की हल्ला आपल्या हुकमाने झालेला नाही, फौज हाताबाहेर गेली होती. जेन्किन्सने बोलणी तोडली नाहीत. त्याला वेळ हवा होता. २९ नोव्हेंबरपासून मदतीच्या तुकड्या येऊ लागल्या. १२ डिसेंबरला जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन पोचला. मग जेन्किन्सच्या अटी आल्या.

तोफा सगळ्या द्या. अरबांना नोकरीवरून काढा. शहर इंग्रजांच्या हवाली करा. आणि स्वतः रेसिडेन्सीत येऊन राहा. उत्तरासाठी मुदत १६ डिसेंबरच्या पहाटे चारपर्यंत. मान्य केलं तर राज्याचा काही भाग घेऊन गादी परत देऊ.

राजा गेला, अरब राहिले

१६ डिसेंबरला सकाळी अप्पासाहेब रेसिडेन्सीत आले. आपण निघालो तर अरब अडवतील, म्हणून मुदत वाढवून द्या, असं त्यांनी आधी कळवलं होतं. त्याच दिवशी इंग्रजांची फौज तोफा ताब्यात घ्यायला पुढे सरकली, तेव्हा तिच्यावर गोळीबार झाला. सक्करदऱ्याच्या बाजूला लढाई झाली आणि भोसल्यांची फौज मोडली. अरब आणि काही हिंदुस्थानी शिपाई, मिळून सुमारे पाच हजार, शहरात शिरले. राजवाडा आणि त्याभोवतीचा कोट त्यांच्या ताब्यात आला.

त्यांच्या बाजूने पाहिलं तर हे समजण्यासारखं आहे. जेन्किन्सच्या अटींत राजाला गादीचं आश्वासन होतं. अरबांसाठी एकच ओळ होती: यांना काढून टाका. नोकरी जाणार, थकलेला पगार जाणार. बायकामुलं शहरात. बाहेर इंग्रजांची छावणी. शस्त्र खाली ठेवल्यावर जिवाची हमी कोण देणार?

इंग्रजांनी तोफा लावल्या. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाजाजवळच्या खिंडारातून हल्ला केला. आतल्या घरांच्या भिंतींआडून अरबांनी असा गोळीबार केला, की मोठी हानी सोसून इंग्रजांना मागे यावं लागलं.

जे तोफांनी झालं नाही, ते बोलण्यांनी झालं. अरबांना हवं ते फार नव्हतं: बायकामुलं, सामानसुमान आणि शस्त्रांसह सुरक्षित वाट. इंग्रजांनी ते मान्य केलं. मलकापूरपर्यंत सोबत एक इंग्रज अधिकारी आणि पहारा. तिथून कुठेही जा, फक्त असीरगडाच्या किल्ल्यात जायचं नाही. ३० डिसेंबरला अरबांनी नागपूर सोडलं.

दोनच दिवसांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमेकाठी कोरेगावला पेशव्यांच्या पदरचे अरब इंग्रजांशी लढत होते.

मालेगावलाही असंच घडलं. तिथला किल्ला अरबांनी महिनाभर लढवला आणि जून १८१८ मध्ये सोडला. शरण येण्यापूर्वी त्यांना मराठीत लिहून दिलेल्या कागदाची भाषा मोघम होती. इंग्रज अधिकाऱ्याच्या मते ती बिनशर्त शरणागती होती. अरबांच्या मते त्यांना भल्याचा शब्द दिला होता. अखेर एल्फिन्स्टनने अरबांचा अर्थ मान्य केला. त्याचा हिशेब सरळ होता. एकदा शब्द मोडला, तर पुढचा किल्ला बोलण्यांनी मिळणार नाही.

अप्पासाहेबांचं पुढे काय झालं?

६ जानेवारी १८१८ च्या कराराने अप्पासाहेबांना गादी परत मिळाली. बदल्यात नर्मदेच्या उत्तरेकडचा मुलूख, उरलेला वऱ्हाड आणि गाविलगड गेला. १५ मार्चला पेशव्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून त्यांना पकडण्यात आलं. परसोजींचा खून आठवला तो याच वेळी.

प्रयागकडे नेत असताना जबलपूरच्या वाटेवर, १३ मेच्या रात्री, ते शिपायाच्या वेषात निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंड राजांनी त्यांना आसरा दिला. नंतर ते असीरगडला गेले, तिथून पंजाबात. शेवटी जोधपूरच्या महाराजा मानसिंहांनी त्यांना ठेवून घेतलं. १८४० मध्ये ते तिथेच वारले.

नागपूरच्या गादीवर रघुजींच्या मुलीचा मुलगा बसवला गेला. त्याचं नाव तिसरे रघुजी. त्याच्या पालक झाल्या बाकाबाई, म्हणजे १८१६ मध्ये इंग्रजांनी ज्यांच्या विरोधी गटाला हात दिला होता त्याच. प्रत्यक्ष कारभार जेन्किन्स पाहू लागला. १८२१ मध्ये फौजेसाठी कामठीची छावणी वसली. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारसाविना वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्यच खालसा केलं. बाकाबाईंचा विरोध उपयोगी पडला नाही.

हीच पद्धत अरबस्तानात

मराठी दरबार बुडाल्यावर अरबांचा सर्वांत मोठा आधार उरला हैदराबादचा निजाम. तिथे जमादार म्हणून पैसा मिळवलेल्या उमर बिन अवद अल-कुऐती याच्या घराण्याने त्या पैशावर मायदेशी, हद्रामौतमध्ये, स्वतःची सुलतानी उभी केली. तिथे त्यांची स्पर्धा कथीरी घराण्याशी. १८८८ मध्ये कुऐतींनी ब्रिटिशांशी संरक्षणाचा तह केला. पहिलं महायुद्ध सुरू असताना, १९१८ मध्ये, एडनच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी या दोन घराण्यांत समझोता घडवला. तेव्हा एडनचा मुलकी कारभार हिंदुस्थानातून चालत होता.

मोठा खेळ त्याहून उत्तरेला चालला होता. २६ डिसेंबर १९१५ रोजी पर्सी कॉक्सने नज्दच्या इब्न सौदशी दारीनचा तह केला. कॉक्स हा हिंदुस्थान सरकारच्या सेवेतला, इराणच्या आखातातला रेसिडेंट. पदाचं नाव तेच. अटीही ओळखीच्या: आम्ही रक्षण करू, तुम्ही आम्हाला विचारल्याशिवाय परकीयांशी बोलायचं नाही. तहावर मंजुरीची सही हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयची. इब्न सौदला पुढे महिना पाच हजार पौंड मिळू लागले.

त्याच काळात इजिप्तमधले ब्रिटिश अधिकारी मक्केच्या शरीफ हुसेनला तुर्कांविरुद्ध उठवत होते. त्याला याहून कितीतरी अधिक सोनं मिळत होतं आणि अरब राज्याचं आश्वासनही. हुसेन आणि इब्न सौद एकमेकांचे हाडवैरी होते. युद्ध चालू होतं तोवर दोघेही उपयोगाचे होते. युद्ध संपताच, मे १९१९ मध्ये, तुरबाला इब्न सौदच्या माणसांनी हुसेनच्या मुलाच्या फौजेची धूळधाण केली. १९२४ मध्ये मक्काही हुसेनच्या घराण्याकडून गेली. ब्रिटिशांनी त्याला वाचवायला फौज पाठवली नाही.

नागपूर आणि अरबस्तान सगळ्या बाबतींत सारखे नव्हते. नागपुरात पलटण येऊन बसली, अरबस्तानात मुख्यतः पैसा गेला. भोसल्यांचं राज्य बुडालं, तर इब्न सौदने स्वतःचं उभं केलं. पण सुरुवात दोन्हीकडे सारखीच झाली. घरात भांडण होतं, एका बाजूला बाहेरच्या हमीची घाई होती आणि कागद घेऊन बसलेला वकील समोर होता.

या सगळ्यात शब्द जसाच्या तसा पाळून घेतला तो नागपूरच्या अरबांनी. त्यांनी मागितली फक्त वाट, आणि ती मिळाली कोट हातात असताना. अप्पासाहेबांनी मागितली गादी, तीही सगळं हवाली केल्यावर. ती दोन महिने टिकली.